सही, शिक्का आणि मजकूर

महाविद्यालयातील एखादी सूचना जन्माला कशी येते आणि विद्यार्थ्यापर्यंत कशी पोहोचते, हा प्रवास एकदा बारकाईने पाहण्यासारखा आहे. कार्यालयातील लिपिक ती संगणकावर टंकित करतात. त्या क्षणी ती निव्वळ मजकूर असते; ती शोधता येते, हवी तेवढी मोठी करता येते, यंत्राकडून वाचून घेता येते. मग ती महाविद्यालयाच्या नाममुद्रित कागदावर छापली जाते, प्राचार्यांच्या टेबलावर तिच्यावर सही होते, जावक क्रमांक पडतो आणि जांभळ्या शाईचा गोल शिक्का उमटतो, जो बहुधा नेमका शेवटच्या तारखेवरच बसतो. त्यानंतर कोणीतरी तो कागद टेबलावर पसरून मोबाइलने त्याचा फोटो काढते, त्यात ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आणि फोटो काढणाऱ्याच्या हाताची सावली येते, आणि तो फोटो वर्गावर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. संध्याकाळपर्यंत तोच फोटो पीडीएफच्या रूपात संकेतस्थळावर ‘महत्त्वाची सूचना’ या नावाने चढतो. ज्या मजकुरापासून सुरुवात झाली होती तो वाटेत कोठेतरी गळून गेलेला असतो आणि उरलेले असते ते त्याचे छायाचित्र.

ठाण्यातील एका पदवी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. कळवा, मुंब्रा, दिवा, घोडबंदर रस्ता, खाडीपलीकडची ऐरोली अशा सर्व बाजूंनी आमच्याकडे मुले येतात, आणि त्यांत दृष्टिहीन, अंशतः दृष्टी असलेली, कर्णबधिर आणि अध्ययन अक्षमता असलेली मुलेही असतात. त्यांच्यासाठी डिजिटल साहित्य सुगम्य करण्याचे, म्हणजे त्यांनाही ते अडथळ्याविना वापरता येईल असे करण्याचे, काम ग्रंथालयाकडे आले. आले म्हणजे, एका बैठकीत ‘हे कोण पाहणार?’ असा प्रश्न निघाला आणि ग्रंथालयात संगणक आहेत एवढ्याच आधारावर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. या विषयावर जेथे बोलणे निघते तेथे दोन कारणे हटकून ऐकू येतात: निधी नाही आणि तंत्रज्ञान अवघड आहे. मला यातील एकही कारण मुख्य वाटत नाही. अडचण त्याच्या आधीची आहे. आमचे कागद दाखवण्यासाठी तयार होतात. वरिष्ठांना, तपासणी समितीला, फायलीला. तो कागद कोणीतरी वाचणार आहे आणि वाचणारा प्रत्येक जण डोळ्यांनीच वाचेल असे नाही, हा विचार टंकित करणाऱ्याच्या मनात येण्याचे कारणच पडत नाही.

निधीचे कारण तर सर्वांत आधी निकालात निघते. दृष्टिहीन विद्यार्थी संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या आधारे. पडद्यावरचा मजकूर ही प्रणाली आवाजात बोलून दाखवते. आमच्या संगणकांवर एनव्हीडीए आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये ती लिहायला घेतली, जेम्स टेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र पुढे त्याला येऊन मिळाला, आणि आजही ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. तिला मराठी आवाज आहे. तो थोडा यांत्रिक वाटतो, पण सरावलेले कान तो अशा वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला त्यातला एक शब्दही कळत नाही. ग्रंथालयाच्या कोपऱ्यातील संगणकावर बसणारी कला शाखेची एक विद्यार्थिनी एक इअरफोन कानात आणि एक मोकळा ठेवून असेच ऐकते. मोकळा कान माझ्यासाठी असतो, कारण मी अधूनमधून काहीतरी विचारायला जाते.

तिच्यामुळेच मला सूचनांचा खरा आवाज ऐकायला मिळाला. परीक्षा अर्जाची सूचना संकेतस्थळावर होती, आणि या वेळी ती फोटो नव्हती. कार्यालयाने थेट संगणकावरूनच पीडीएफ केली होती, म्हणजे वरवर पाहता सारे ठीक होते. तिने इअरफोन काढून स्पीकर सुरू केला आणि एनव्हीडीए कोणत्याही भाषेत नसलेले काहीतरी गंभीरपणे वाचू लागले. इंग्रजी अक्षरे, मध्येच डॉलरचे चिन्ह, अधोरेखा, पुन्हा अक्षरे, आणि दर थोड्या वेळाने एक ओळखीचा होत जाणारा शब्द: ‘ॲम्हो’. ती हसत म्हणाली, “मॅडम, ‘ॲम्हो’ आलं की समजायचं, वाक्य संपलं.”

तिचा तर्क अचूक होता. ती सूचना युनिकोडपूर्व काळातील एका फाँटमध्ये टंकित केलेली होती. त्या काळच्या संगणकात देवनागरीला स्वतंत्र जागा नव्हती, म्हणून फाँट घडवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे कितीतरी फाँट याच युक्तीवर उभे राहिले, आणि मराठी वृत्तपत्रे, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके यांची अक्षरजुळणी कित्येक वर्षे त्यांनीच पेलली, हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. मात्र या फाँटमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसत असला तरी संगणकाच्या लेखी तो इंग्रजीच असतो. आमच्या सूचनेच्या फाँटमध्ये ‘आहे’ हा शब्द ए, एम, एच आणि ओ या चार अक्षरांनी साठवला जातो. डोळ्यांना त्याचा आकार ‘आहे’ असा दिसतो, यंत्राला आकार दिसत नाही, ते अक्षरे वाचते. आणि मराठी वाक्य बहुधा ‘आहे’ वर संपत असल्यामुळे आमची सूचना दर ओळीला ‘ॲम्हो’ म्हणत होती. युनिकोडने प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक दिला, आणि १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही कार्यालयांच्या संगणकांवर जुने फाँट टिकून आहेत, कारण छापील प्रतीत दोन्ही सारखेच दिसतात आणि आपला सगळा व्यवहार छापील प्रतीशी असतो.

आमच्या कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांना सगळे जण भाऊ म्हणतात. त्यांनी तरुणपणी टंकलेखन संस्थेत खडखड वाजणाऱ्या यंत्रावर मराठी शिकून शासकीय परीक्षा दिलेली आहे, आणि त्यांची बोटे कळफलकाकडे न पाहता चालतात. युनिकोड म्हणजे सगळे नव्याने शिकायचे, ही त्यांची धास्ती अगदी रास्त होती. टाइपरायटरचा कळफलक तसाच ठेवूनही युनिकोडमध्ये लिहिता येते, हे त्यांना करून दाखवल्यावर निम्मा विरोध मावळला. उरलेला विरोध जोडाक्षरांचा होता. “उद्या छापताना ‘प्राचार्य’ फुटलं तर सहीला कोण घेऊन जाणार?” असे त्यांनी विचारले, आणि तेही खरेच होते, कारण देवनागरी नसलेला फाँट चुकून निवडला गेला तर अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. आम्ही दोन-तीन फाँट नक्की केले आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही असे ठरवले. पुढे भाऊंना या बदलाचा जो उपयोग सापडला तो माझ्या कोणत्याही समजावणीपेक्षा मोठा ठरला: मागच्या वर्षीची शिष्यवृत्तीची सूचना आता ‘शिष्यवृत्ती’ असा शब्द घालून संगणकात शोधता येते. पूर्वी त्यासाठी एकेक फाइल उघडून पाहावी लागे.

सुगम्यतेचा सर्वांनाच लाभ होतो असे सांगून हे काम पटवून देण्याची पद्धत आहे, आणि भाऊंच्या बाबतीत ती उपयोगी पडली यात शंका नाही. तरीही मला ती पद्धत फारशी आवडत नाही. बाकीच्यांचा काही फायदा होत नसता, तर त्या मुलीला परीक्षेची तारीख वाचण्याचा हक्क नसता, असा त्याचा उलटा अर्थ निघतो.

सही-शिक्क्याचा प्रश्न यापेक्षा चिवट निघाला. ‘सहीशिवाय सूचना विद्यार्थी खरी कशी मानणार?’ हा आक्षेप मी अनेक तोंडांनी ऐकला. त्यामागे अनुभव आहे. जुलैत धो धो पाऊस लागला की ‘उद्या सर्व परीक्षा पुढे ढकलण्यात आल्या आहेत’ अशा बनावट सूचना ठाण्यापासून पनवेलपर्यंत फिरू लागतात, आणि घाबरलेले पालक कार्यालयाचा फोन अडवून बसतात. पण त्या बनावट सूचना नीट पाहाव्यात: त्यांच्यावर सही असते, शिक्काही असतो. जुन्या फोटोवरचा मजकूर बदलणे हे आता शाळकरी मुलाचेही काम आहे. फोटोतला शिक्का काही सिद्ध करत नाही. सूचना महाविद्यालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे की नाही, यावरून ती खरी ठरते. हा मुद्दा मांडल्यावर मधला मार्ग निघाला. सही केलेली प्रत फायलीत राहते, संकेतस्थळावर आणि ग्रुपवर मजकूर जातो, आणि ज्यांना सही पाहायचीच आहे त्यांच्यासाठी तिची प्रतिमा खाली जोडलेली असते.

मजकूर मिळाल्यावर त्याच्या घडणीकडे लक्ष गेले. आपल्या कार्यालयीन मराठीत सूचना ‘उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ येथून सुरू होते, मग परिपत्रकाचा क्रमांक, त्याचा दिनांक, संदर्भ, आणि या सगळ्यांच्या शेवटी ज्यासाठी सूचना काढली ती तारीख येते. डोळस वाचक हे सारे ओलांडून थेट ठळक अक्षरांतील तारखेवर उडी मारतो. कानाने वाचणाऱ्याला ती उडी नाही. त्याला उपरोक्त विषयापासून सगळे ऐकावे लागते. म्हणून आता आमच्या सूचनेची पहिली ओळ काय, कोणी आणि कधीपर्यंत करायचे ते सांगते, आणि संदर्भ क्रमांक खाली उतरले आहेत. भाऊंना हे अजूनही थोडे उघडेवाघडे वाटते.

मोठ्या मजकुरात मात्र कानालाही उडी मारण्याची सोय करून देता येते. वर्डमध्ये शीर्षक ठळक आणि मोठे केले म्हणून ते यंत्राला शीर्षक वाटत नाही. त्याला शीर्षकाची शैली द्यावी लागते. ती दिली की संकेतस्थळावरील पानात एनव्हीडीए वापरणारा ‘एच’ ही कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, आणि चाळीस पानी माहितीपत्रकातून वसतिगृहाचे प्रकरण काही क्षणांत गाठतो. पीडीएफ करताना वर्डमधून ‘सेव्ह ॲज’ने केली तर ही घडण टिकते, ‘प्रिंट’मध्ये जाऊन केली तर पुसली जाते. एवढ्याशा फरकाने अख्खे माहितीपत्रक उपयोगी किंवा निरुपयोगी होते, आणि पडद्यावर पाहणाऱ्याला दोन्ही फायली हुबेहूब सारख्या दिसतात.

कायदा या सगळ्याच्या मागे उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते या कायद्यात २१ झाले. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमधील किमान ५ टक्के जागा त्याने राखून ठेवल्या, आणि माहिती तंत्रज्ञानाची सुगम्यता हा स्वतंत्र विषय म्हणून नोंदवला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात असे म्हटले की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे हे मूळ कायद्याच्याच विरोधात जाते, आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. ते प्रकरण बँका आणि मोबाइल कंपन्यांच्या ओळख पडताळणीचे होते, ज्यात कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचे दाखवावे लागते. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या गेल्या त्यांनी आणि दृष्टिहीनांनी ते कसे करायचे, हा प्रश्न होता.

महाविद्यालयात मात्र या निकालांपेक्षा उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे नाव अधिक परिणामकारक ठरते, हे मान्य करायला हवे. मूल्यांकनाच्या सातव्या निकषात दिव्यांगस्नेही वातावरणाविषयी प्रश्न आहे. त्यात रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृहे यांबरोबर सुगम्य संकेतस्थळ आणि स्क्रीन रीडर यांचाही उल्लेख येतो. परिणामी रॅम्पचा फोटो काढला जातो, स्क्रीन रीडर बसवल्याचा फोटो काढला जातो, आणि ते फोटो एका पीडीएफमध्ये चिकटवून पुरावा म्हणून चढवले जातात. संस्थेची सुगम्यता सिद्ध करणारे ते पीडीएफ स्वतः स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. मी ते उघडून ऐकले आहे. एनव्हीडीए ‘दस्तऐवज रिकामा’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून गप्प झाले.

संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जगभर मानले जाणारे निकष डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखले जातात. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ ची, आणि २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. ते वाचायला क्लिष्ट आहेत, पण त्यांचा पाया साधा आहे: माहिती जाणवली पाहिजे, हाताळता आली पाहिजे, समजली पाहिजे आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकली पाहिजे. यातील पहिली गोष्ट समजावून सांगताना मी ठाणे स्थानकाचे उदाहरण देते. ९ आणि १० क्रमांकाच्या फलाटांवरून वाशी आणि पनवेलच्या गाड्या सुटतात. कोणती गाडी लागते आहे ते पाटीवर दिसते आणि उद्घोषणेतही ऐकू येते. पाटी बंद असली तर कर्णबधिर प्रवासी अडकतो, उद्घोषणा बंद असली तर दृष्टिहीन. दोन्ही चालू असताना आपण कशावर विसंबलो होतो, हे इतरांच्या ध्यानातही येत नाही.

चित्रांचे वर्णन हे या कामातील सर्वांत अवघड आणि मला सर्वांत आवडणारे अंग आहे. सादरीकरणात किंवा संकेतस्थळावर चित्र असले की त्याला पर्यायी मजकूर जोडायचा असतो, जो दिसत नाही पण स्क्रीन रीडर वाचतो. तो नसला तर ऐकणाऱ्याला फक्त ‘ग्राफिक’ एवढा शब्द मिळतो, किंवा कॅमेऱ्याने फाइलला दिलेला लांबलचक आकडा. अर्थशास्त्राच्या एका सहकारी प्राध्यापिकेने आपल्या आलेखासाठी पहिल्यांदा लिहिले, ‘मागणी व पुरवठ्याचा आलेख’. हे आलेखाचे नाव झाले. आलेख काय सांगतो ते यात नाही. आम्ही दोघी ग्रंथालयात बसलो आणि ते पुन्हा लिहिले: ‘आडव्या अक्षावर वस्तूचे प्रमाण, उभ्या अक्षावर किंमत. मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे उतरते, पुरवठ्याची चढते. दोन्ही जेथे छेदतात तो समतोल बिंदू. पुरवठ्याची दुसरी, तुटक रेषा पहिलीच्या उजवीकडे आहे. तिचा मागणीच्या रेषेशी छेद आधीच्या बिंदूच्या खाली आणि उजवीकडे होतो, म्हणजे किंमत उतरली आणि विक्रीचे प्रमाण वाढले.’ लिहून झाल्यावर त्या बाई म्हणाल्या की परीक्षेत विद्यार्थ्यांकडून त्यांना हेच उत्तर हवे असते आणि वर्गात त्यांनी ते इतक्या क्रमाने कधी सांगितलेले नाही, कारण फळ्यावर रेष ओढली की ‘हे असं इकडे जातं’ एवढ्यावर भागते. दृष्टिहीन मुलीच्या वहीत मात्र ‘हे’, ‘असं’ आणि ‘इकडे’ एवढेच उतरते.

प्रत्येक चित्राला वर्णन हवेच असेही नाही. आमच्या सादरीकरणांत कोपऱ्यात गुलाब, तळाशी पणत्यांची ओळ आणि शेवटच्या पानावर हात जोडलेले ‘धन्यवाद’ असते. ही सजावट आहे, ती सजावट म्हणून नोंदवली की स्क्रीन रीडर तिला वगळतो, आणि ऐकणाऱ्याची पणत्या मोजण्यातून सुटका होते. आता फोनमधील प्रणाली चित्रांची वर्णने आपोआप तयार करतात. दीपप्रज्वलनाच्या फोटोसाठी तेवढे पुरते. आलेख, नकाशा आणि पेशीची आकृती यांच्या बाबतीत त्या विषयाच्या शिक्षकाने ते तपासल्याशिवाय मी कोठेही चढवू देत नाही. यंत्राला चित्रात काय आहे ते सांगता येते. ते चित्र त्या पानावर का आहे, हे शिक्षकालाच ठाऊक असते.

कर्णबधिर विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि आमच्याकडे तो अर्धामुर्धाच सुटला आहे. व्याख्यानांच्या चित्रफितींना शब्दपट्टी हवी, आणि डब्ल्यूसीएजीच्या अगदी प्राथमिक पातळीवरच ती आवश्यक मानली आहे. आपोआप तयार होणारी शब्दपट्टी विशेषनामांवर आणि पारिभाषिक शब्दांवर हमखास घसरते, म्हणून ती कोणीतरी बसून दुरुस्त करावी लागते. पण जी मुले भारतीय सांकेतिक भाषेत वाढली त्यांच्यासाठी मराठी ही दुसरी भाषा आहे, आणि भरधाव सरकणारी मराठी शब्दपट्टी त्यांना पुरत नाही. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, त्यांच्या शब्दकोशात १०,००० हून अधिक संज्ञा झाल्या आहेत. वांद्र्याला कर्णबधिरांसाठी काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तरीही वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचे लेखाशास्त्र सांकेतिक भाषेत समजावणारे माणूस ठाण्यात रोजच्या रोज मिळणे ही निराळीच गोष्ट आहे. येथे निधी नसल्याचे कारण मी ऐकून घेते.

वेळापत्रकाचे काम मात्र चुटकीसरशी झाले. प्रात्यक्षिके लाल, व्याख्याने हिरवी अशी रंगांची खूण होती. ज्यांना रंग दिसत किंवा ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी तेथे ‘प्रा’ आणि ‘व्या’ अशी अक्षरे आली. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरे लिहिण्याची हौसही बंद झाली, कारण मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा असा निकष आहे आणि तो मोजणारी साधने मोफत मिळतात.

ग्रंथालयाच्या वाट्याला खरे काम आले ते पुस्तकांचे. ‘पुस्तक स्कॅन करून देणे बेकायदेशीर नाही का?’ असे मला आजही विचारले जाते. नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकासाठी पुस्तक सुगम्य स्वरूपात आणण्याची मुभा दिली आहे, आणि याच विषयावरील माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश होता. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. पण पदवीची मराठी संदर्भपुस्तके, त्यातही जुनी, तेथे असतीलच असे नाही, म्हणून ती आम्हीच स्कॅन करतो आणि अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीतून काढतो. ही प्रणाली मराठी बरी ओळखते. मात्र जुन्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत ती गोंधळते. ‘कर भरणे’चे ‘कर मरणे’ झालेले एक पान राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी हसत हसत सापडवले. हे तपासण्याचे काम तीच मुले करतात. योजनेत वर्षाला १२० तासांचे काम अपेक्षित असते, आणि त्यातील काही तास रस्ता झाडण्याऐवजी एखादे प्रकरण तपासण्यात गेले तर मला ते अधिक सार्थ वाटते.

सध्या आमचा वाद जुन्या प्रश्नपत्रिकांवर चालू आहे. त्या सगळ्या स्कॅन केलेल्या आहेत, काही तिरप्या, काहींवर कोणीतरी पेन्सिलीने केलेल्या खुणा. नव्या प्रश्नपत्रिका परीक्षा संपल्यावर मूळ मजकुराच्या रूपातच ठेवायच्या, हे ठरले आहे. जुन्यांपैकी आधी कोणत्या घ्यायच्या? माझे म्हणणे, आज जी मुले शिकत आहेत त्यांच्या विषयांच्या. अर्थशास्त्राच्या त्याच बाईंचे म्हणणे असे की कोणी मागेल तेव्हा करून देणे म्हणजे सुगम्यता नव्हे. ज्याला संकेतस्थळावर काहीच वाचता आले नाही तो मुलगा प्रवेशच घेत नाही, आणि मग आम्ही खुशाल म्हणतो की आमच्याकडे कोणी मागितलेच नाही. त्यांचे बरोबर आहे. हात मात्र मोजकेच आहेत. तूर्त प्रश्नपत्रिकांच्या पानावर अगदी वरच्या ओळीत लिहिले आहे की खालीलपैकी कोणत्या फायली केवळ प्रतिमा आहेत, मजकुराची प्रत कोणाकडे मागायची आणि ती मिळायला किती दिवस लागतील. राज्यशास्त्राच्या झाल्या, इतिहासाच्या चालू आहेत, आणि गणिताच्या समीकरणांना अजून कोणी हात घातलेला नाही.